कॉपी केवढ्याला?

आमच्या देव्हाऱ्यात सध्या बाळकृष्णाच्या शेजारी २० रुपयांची एक नोट आहे, हळदकुंकू लावलेली. ती माझी कमाई. आईचं म्हणणं, पहिली कमाई देवापुढे ठेवायची असते. गेली २२ वर्षं मी नोकरी करतोय, पण तो पगार बँकेतल्या बँकेत येतो आणि बँकेतल्या बँकेत हप्त्याला जातो, तिने तो कधी डोळ्यांनी बघितलेला नाही, त्यामुळे तिच्या लेखी ही पहिलीच. रोज सकाळी आंघोळ करून हात जोडायला जातो आणि ती नोट माझ्याकडे बघते.

तर परवाच्या रविवारी आम्ही शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो. मुलुंड ते शिवडी, मुंबईतल्या मुंबईत. मी घरात रोड ट्रिप असा शब्द वापरला होता, त्यावर लेक म्हणाली, "बाबा, २५ किलोमीटरला रोड ट्रिप नाही म्हणत, ऑफिसला जाणं म्हणतात." आईने मात्र शब्द मनावर घेतला होता. थालीपिठं, दही, मिरचीचा ठेचा, सतरंजी, दोन उश्या आणि फेब्रुवारी महिन्यात छत्री.

पहाटे साडेपाचला सगळ्यांना का उठवलं हे मी तिघींना तीनदा समजावलं होतं. शिवडीचं सगळं गणित भरतीवर. ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात, नुसते ठिपके. पूर्ण भरती झाली की चिखल बुडतो आणि ते उडून दुसरीकडे जातात. मधला तासा-दीड तासाचा वेळ असा असतो की चढतं पाणी त्यांना ढकलत ढकलत जेट्टीजवळ आणतं. बरं, भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे रविवार, सकाळचं कोवळं ऊन आणि भरती हे तिन्ही एकत्र येणं म्हणजे पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळणं. त्या रविवारी जुळले होते. भरती साडेनऊची होती, मी पावणेआठला जेट्टीवर उभा होतो.

आता माझ्या अवताराबद्दल. मी एक खिसेवाला जॅकेट घेतलाय, खाकी, बिनबाह्यांचा, अकरा खिसे. खरे फोटोग्राफर घालतात तसा. बायको पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "यात तू केबलवाला दिसतोस." मी दुर्लक्ष केलं. शिवाय जेट्टीवर जे खरे लोक होते त्यांच्याकडे जंगलछाप कापडात गुंडाळलेल्या ६०० एमएम लेन्सच्या तोफा होत्या, त्यातल्या एकेकीची किंमत माझ्या गाडीपेक्षा जास्त, आणि माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर ऑफरमध्ये आलेली ५५-२५० ची लेन्स. ते लोक एकमेकांकडे बघून मान हलवतात. माझ्याकडे बघून कोणी हलवली नाही. म्हणून मी जरा लांब जाऊन उभा राहिलो, आणि तिथेच चुकलं.

"ओ फोटोवाले, कॉपी केवढ्याला?"

मागे वळून बघतो तर साठीच्या एक काकू, जरीकाठाची साडी, हातात पर्स आणि पाठीमागे वरात. नवरा, मुलगा, सून, सुनेच्या कडेवर बाळ, एक नणंद असावी आणि एक शाळकरी पोरगा ज्याला काहीच बघायचं नव्हतं.

"काकू, मी फोटोवाला नाही."

"मग हे गळ्यात काय घातलंय?"

"कॅमेरा आहे, पण माझा आहे. मी हौस म्हणून काढतो."

"हां, मग हौसेने काढा की आमचा. गेटवेवर पाच मिनिटांत कॉपी छापून हातात देतात, तुमची मशीन कुठाय?"

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. बायको अजून तेच विचारते, की का नाही म्हणालास. खरं कारण तिला सांगितलेलं नाही, इथे सांगतो. आमच्या घरात माझ्याकडून कोणी फोटो काढून घेत नाही. मी फोकस लावेपर्यंत आईचे डोळे मिटतात, बायकोचं हसू आंबतं आणि लेक तोवर फोनवर तीन फोटो काढून दोघींना पाठवूनही मोकळी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून म्हणत होतं, काढा. मी म्हटलं, उभे राहा.

आता बघा नशीब. जी लेन्स फ्लेमिंगोसाठी तोकडी पडते तीच सात माणसांच्या कुटुंबासाठी फार लांबची पडते. सगळे फ्रेममध्ये बसेनात. मी मागे सरकतोय, अजून मागे, अजून मागे, काकू ओरडतायत, "अरे कुठे चाललास? पैसे घेतल्याशिवाय चाललास का?" (रेट विचारेपर्यंत मी 'तुम्ही' होतो, कामाला लागल्याबरोबर 'तू' झालो, हे नोंदवून ठेवतो.) शेवटी जेट्टीच्या कठड्याला पाठ टेकली तेव्हा कुठे सात जण मावले, त्यातही पोरगा अर्धा.

मग सूचना. मागे पक्षी आले पाहिजेत. तो नवा पूल पण आला पाहिजे. ह्यांचं पोट नको. बाळ हसलं पाहिजे. आणि हे सगळं एकाच फोटोत. मी समजावायला गेलो की काकू, पक्षी मागे धूसर येतील, त्यावर काकू म्हणाल्या, "धूसर कशाला, पैसे कमी देणारे का मी?" मग त्यांनी मागे वळून पक्षी नीट बघितले. "आणि गुलाबी कुठायत रे? पांढरेच तर आहेत सगळे. बदकं वाटतायत."

इथे मी घसरलो. मला राहवलं नाही. सांगितलं की लांबून फिकेच दिसतात, रंग त्यांना शेवाळ खाऊन येतो, आणि खरा रंग असतो पंखाखाली, लालभडक, काळ्या कडेचा, म्हणून तर त्यांना अग्निपंख म्हणतात, आणि तो फक्त ते उडतात तेव्हा दिसतो, आणि मी पहाटे साडेपाचपासून त्या एका क्षणासाठी...

"बरं बरं. ह्यांचं पोट नको."

एवढ्यात आई आली. सतरंजी सोडून, थालीपीठ हातात घेऊन, लेकराची बाजू मांडायला. "अहो, तो फोटोवाला नाही हो. इंजिनिअर आहे. मॅनेजर आहे कंपनीत."

काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे हो. साइडला करतोय ना, चांगलं आहे. कष्टाची लाज कसली? आमच्या ह्यांचा भाचा बँकेत आहे, तरी शनिवार-रविवार पॉलिस्या विकतो. हल्ली एका पगारात भागतं का कुणाचं?" आणि आई, माझी सख्खी आई, म्हणाली, "ते मात्र खरं आहे बाई. ह्याचे तर हप्तेच एवढे आहेत." आणि दोघी तिथेच उभ्या राहून माझ्या गृहकर्जावर बोलायला लागल्या. बायको गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होती.

मी नवव्यांदा फोकस लावला. ह्यांनी पोट आत घेतलं. बाळ हसलं, देवाशप्पथ हसलं. आणि माझ्या पाठीमागे एकदम वारा सुटल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ तोफावाल्यांच्या कॅमेऱ्यांची टरटरटर सुरू. दुसऱ्या अंगाचा अख्खा थवा उठला होता. काकूंची वरात तोंड वासून माझ्या डोक्यावरून वर बघत होती, सून फोन वर करत होती आणि काकू ओरडत होत्या, "अगं बाई, गुलाबी आहेत की!" मी गळ्यातला पट्टा, कठडा आणि अकरा खिसे यांच्यातून सुटून वळेपर्यंत पक्षी पुलापलीकडे गेले होते.

मग हिशेब. मशीन नाही म्हटल्यावर काकूंनी पर्समधून काढलेली ५० ची नोट परत आत ठेवली आणि २० ची काढली. "कॉपी नाही तर एवढेच. चहा पी." मी हात मागे घेतला तर त्यांनी ती जॅकेटच्या खिशात कोंबली. अकरा खिसे, एकालाही चेन नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव म्हणून सुनेने नंबर घेतला तो वेगळाच.

मला राग काकूंचा नाही. खरंच नाही. म्हणजे थोडा आहे. पण या शहरात गळ्यात मोठा कॅमेरा अडकवला की तुम्ही एकतर फोटोवाले नाहीतर गुन्हेगार. मागच्या महिन्यात एका बागेत वॉचमनने मला अडवलं, कॅमेरा अलाउड नाही, परमिशन आणा. त्याच बागेत, त्याच वेळी, त्याच्यासमोर किमान चाळीस माणसं फोनवर फोटो, रील, व्हिडिओ कॉल करत होती. म्हटलं त्यांचं काय? तर म्हणाला, "तो मोबाईल आहे." अरे बाबा, त्या मोबाईलमध्ये २०० मेगापिक्सेल आहेत! माझ्यात २४! "साहेब, लेन्स दिसते ना तुमची." म्हणजे गुन्हा लेन्सचा नाही, लेन्स दिसण्याचा. परमिशन कोण देतं हे त्यालाही माहीत नव्हतं, ज्या ऑफिसात पाठवलं तिथे दुसरं ऑफिस सांगितलं, आणि दुसरं ऑफिस शनिवारी बंद. मी चाफ्याच्या झाडाचा फोटो काढणार होतो हो. चाफ्याच्या!

जाऊ दे. रोड ट्रिप म्हटली होती म्हणून जेट्टीवरून निघून अटल सेतूवर, म्हणजे त्या नव्या पुलावर, गाडी घातली. २५० रुपये टोल, त्यातले २० मी कमावले होते असं लेकीने लगेच हिशेबात धरलं. म्हटलं वरून तरी फोटो मिळतील. तर पक्ष्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून आडोसे, पुढे अणुकेंद्र दिसू नये म्हणून आडोसे, आणि आडोसे संपले तिथे थांबायला मनाई. समुद्र दिसला तो गाडी पळत असताना, आईच्या उशीच्या वरून. पलीकडे उतरून एका झाडाखाली गाडी लावली, थालीपिठं खाल्ली आणि परत आलो. चिवड्याचा डबा जेट्टीवरच राहिला होता, तोही माझ्यामुळेच.

रात्री मी इमानदारीत काकूंचे फोटो पाठवले. तासभर बसून नीट केले, ह्यांचं पोट सावलीत ढकललं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. सकाळी लेक फोन घेऊन आली, "बाबा, त्या ताईचा डीपी बघा."

डीपीत माझा फोटो नव्हता. सुनेने फोनवर काढलेला होता. वर आभाळभर फ्लेमिंगो, पंख उघडलेले, लाल, काळी कड, अगदी एकेक पीस मोजून घ्यावं असे. आणि खाली कोपऱ्यात, कठड्याला पाठ लावून, गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून, विरुद्ध दिशेला कॅमेरा धरलेला एक केबलवाला.

"शार्प आलाय ना?" लेक म्हणाली. आलाय. मी झूम करून बघितलं, जॅकेटचे खिसेसुद्धा मोजता येतात.