‘दवाखान्याची पायरी चढू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की रायगडपासून सावंतवाडीपर्यंत गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘कोकणातल्या पावसात कुत्र्या-मांजरांसाठी आजीच्या बटव्यातले सात उपाय, दवाखान्याची पायरी चढू नका.’ गोचिडीला रॉकेल, तापाला पॅरासिटामॉल, कुत्रं चावलं तर चुना, जखमेतल्या किड्यांना फिनाईल, मांजराला कच्चे मासे आणि दूध, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा माणसांचा रोग म्हणून त्याची काळजी नको, आणि विष खाल्लं तर मिठाचं पाणी. पॅरासिटामॉल कुठल्या आजीच्या बटव्यात होतं ते लिहिणाराच जाणे. सातांतला एकही उपाय जसाच्या तसा करण्यासारखा नाही. काही नुसते निरुपयोगी आहेत, दोन-तीन जीव घेणारे.

सुरुवात गोचिडीपासून, कारण दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. मेसेज म्हणतो, ‘रॉकेलात मीठ घालून अंगाला चोळा, एका दिवसात गोचिडी गळून पडतील.’ रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रं ती जागा चाटतं. चाटलेलं रॉकेल ओकारीबरोबर श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. आधीच लावून झालं असेल तर भांडी घासायच्या पातळ साबणाने आणि कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना.

पण खरी चूक वेगळीच आहे. अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्या, बाकीच्या घरात असतात. कुत्र्याची ही तपकिरी गोचीड अंड्यातून निघाल्यापासून स्वतः अंडी घालेपर्यंत तीन वेळा अंगावर चढते, रक्त पिते आणि खाली उतरते. पोट भरलेली मादी भिंतीवर चढून फटीत शिरते आणि तिथे दोन-चार हजार अंडी घालते. गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत तिच्यासाठी आयतं घर: चिऱ्याला मुळातच भोकं, सांध्यांत माती, वर कौलांखालची वासे-रिपांची अडगळ. मोठी गोचीड तिथे महिनोन्महिने उपाशी राहू शकते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावलं आणि पडवी तशीच सोडली, तर तीन आठवड्यांत कुत्रं पुन्हा भरतं आणि दोष औषधाला जातो.

करायचं असं. कुत्रं बांधायच्या जागेजवळचे चिऱ्यांचे सांधे कंबरेएवढ्या उंचीपर्यंत तरी सिमेंटने भरून घ्या. गोणपाट आणि जुन्या चादरी जाळा किंवा उकळत्या पाण्यात घाला. अमिट्राझ १२.५ टक्क्यांचं औषध मिळतं, ते गोचिडीसाठी साधारण लिटरमागे २ मिली या प्रमाणात वापरतात. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवू नका. हातमोजे घालून, मोकळ्या जागेत, जखम नसलेल्या अंगाला लावा, धुऊ नका, वाळेपर्यंत चाटू देऊ नका. चार महिन्यांखालच्या पिल्लाला आणि मधुमेही कुत्र्याला हे चालत नाही. भिंतीवर फवारा मारल्यावर ती वाळेपर्यंत जनावर बाहेर. दोन-तीन आठवड्यांनी दोन्हीकडे पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्याने मरत नाहीत. महिन्याला एक द्यायची चावायची गोळी जास्त सोपी पडते. मात्र कुत्र्याला फिट येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

घरात मांजर असेल तर जरा थांबा. अमिट्राझ मांजराला चालत नाही. परमेथ्रिन असलेलं, कुत्र्याच्या मानेवर सोडायचं थेंबांचं औषध मांजराला लागलं तर झटके येऊन मांजर मरू शकतं. कुत्रं आणि मांजर एकाच पायपुसण्यावर झोपत असतील तर औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

एखाद-दुसरी गोचीड हाताने काढायची तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढायची. पिळायची नाही, उदबत्ती टेकवायची नाही, बोटांत चिरडायची नाही. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघायचं राहून जातं.

गोचीडतापाबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन्ही रोग गोचिडीतूनच येतात. कुत्रं खायचं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. पहिल्यात नाकातून रक्त येतं किंवा पोटावर लाल ठिपके उठतात, दुसऱ्यात लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद होते. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लीन साधारण २८ दिवस चालतं. पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं, घरचे गोळ्या बंद करतात आणि रोग दबा धरून बसतो. गोळी अन्नातून द्या, दुधातून नको. पपईच्या पानांचा रस पाजून प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, वाढतात की नाही हा वाद बाजूला ठेवू, जंतू त्याने मरत नाही. आणि दोडामार्ग भागात २०१६ साली माकडताप (गोचिडीतून माणसाला होणारा ताप) आढळल्यापासून लोक कुत्र्याच्या गोचिडीलाच घाबरतात. माकडतापाची गोचीड रानातली, वेगळ्या जातीची. पडवीतल्या कुत्र्यावरची ती नव्हे.

‘ताप असेल तर पॅरासिटामॉल, कुत्र्याला अर्धी, मांजराला पाव.’ हिशेब करून बघा. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची पाव म्हणजे १२५. तीन-चार किलोच्या मांजराला ते किलोमागे ३० ते ४० मिलिग्रॅम पडतं, आणि मांजरांत किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झालेली आहे. हे औषध निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. काही तासांत रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन. तो माणसांच्या दवाखान्यांतही असतो, पण वेळेत द्यावा लागतो. ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही.

कुत्र्याला पॅरासिटामॉल एवढ्या लवकर मारत नाही, पण चुकलेल्या मात्रेने यकृत जातं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक त्याहून वाईट: पोटात व्रण, रक्ताची ओकारी, किडनी बंद. गोचीडतापात प्लेटलेट पेशी आधीच घसरलेल्या असताना यांपैकी गोळी दिली तर रक्तस्राव वाढतो. आधी ताप मोजा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात दोनेक सेंटिमीटर. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे साधं तापमान आहे, माणसाच्या मापाने तो ताप नव्हे. १०३ च्या वर गेलं तर दवाखाना. नाक गरम किंवा कोरडं यावरून काही कळत नाही.

आता चावण्याचं. मेसेज तीन गोष्टी सांगतो: घरच्या कुत्र्याला रेबीजची लस नको, चावलं तर चुना किंवा मिरची लावा, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवून मग माणसाने लस घ्यायची की नाही ते ठरवा. तिसरी सर्वांत धोक्याची, कारण तिच्यात अर्धं खरं आहे. दहा दिवस नजर ठेवायची असते, पण माणसाची लस त्याच दिवशी सुरू करून. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवता येतात, ते डॉक्टर ठरवतात. हा नियमही फक्त कुत्र्या-मांजराला. कोल्हा, मुंगूस, माकड यांना लागू नाही, आणि खाडीकाठच्या वाड्यांत कोल्हे काही दुर्मीळ नाहीत.

चुना आणि मिरचीने जखम चिघळते, विषाणू जागेवरच राहतो. साबणाने मात्र त्याचं बाहेरचं चरबीचं आवरण फुटतं. म्हणून नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच पुरे झालं असं वाटतं. मग पोव्हिडोन आयोडीन. पट्टी घट्ट बांधू नका. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर १४ वा दिवसही येतो. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही (तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं, ते तालुक्याला आहे की जिल्ह्याला हे प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच विचारून निघा.

‘घरचं कुत्रं’ म्हणजे काय, तेही बघायला हवं. आपल्याकडे ते रात्री पडवीत आणि दिवसभर पाणंदीत, मळ्यात, शेजारच्या आगरात. त्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि मग वर्षाला एक. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. मेडिकलमधून घेऊन खिशात घालून दुपारच्या एसटीने आणलेली लस टोचण्यात अर्थ नाही, आणि फ्रीजरमध्ये गोठलेलीही फुकट. अजून एक गैरसमज: ‘पाणी पितंय म्हणजे रेबीज नाही.’ पाण्याची भीती माणसात दिसते, पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊ शकतं. सगळी कुत्री चवताळतातही असं नाही. काहींचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकलं असं समजून लोक तोंडात हात घालतात. अशा वेळी हात घालू नका, कोंडून ठेवून दवाखान्यात फोन करा.

किडे पडलेल्या जखमेत फिनाईल ओतू नका, मांजराच्या तर मुळीच नाही. फिनाईलमधले घटक मांजराला पचत नाहीत. डांबरगोळीची पूडही विषारीच. माशीची अंडी दिवसाभरात फुटतात, म्हणून पावसात छोटा ओरखडाही रोज बघावा. भोवतालचे केस कापा, लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून धुवा, दिसतील ते किडे चिमट्याने काढा आणि झाकून दवाखान्यात न्या. आत खोल बोगदे असतात, ते घरी साफ होत नाहीत. किडे कानात असतील तर काहीच ओतू नका, पडदा फाटलेला असू शकतो.

दुधाचं थोडक्यात: मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही, हगवण लागते. माशांचं मात्र नीट सांगायला हवं. काही माशांत कच्चे असताना ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. रोज तेच खाणारं मांजर महिन्या-दोन महिन्यांत मान खाली घालून झोकांड्या खायला लागतं. शिजवला की तो घटक जातो. रोज नुसती तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळीही नको, ई जीवनसत्त्वाची तूट पडते. सुकटीत मीठ फार. जाळ्यातून किनाऱ्यावर फेकलेला केंड (फुगणारा विषारी मासा) कुत्र्याला तोंडात धरू देऊ नका, त्याचं विष शिजवूनही जात नाही. आणि गळ गिळला असेल, तोंडातून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) लोंबत असेल, तर ओढू नका. तंगूस बाहेर वीतभर ठेवून कापा आणि एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या.

लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसाला. उंदीर मुतलेलं चोंढ्यातलं (सखल पाणथळ शेतातलं) पाणी दोघांनाही सारखंच. कुत्र्याच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग असलेली लस मागा, पहिल्या वेळी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी मे महिन्यात. सगळ्या प्रकारांपासून ती वाचवत नाही. म्हणून ओकाऱ्या, पिवळे डोळे, कमी झालेली लघवी दिसली तर हातमोज्यांशिवाय स्वच्छता करू नका.

राहिलं मिठाचं पाणी. ओकारी काढायला पाजलेल्या मिठाने रक्तातला सोडियम चढतो आणि विषापेक्षा मिठानेच झटके येतात. शिवाय रॉकेल, अ‍ॅसिड असलं काही पोटात गेलं असेल तर ओकारीने घसा दुसऱ्यांदा भाजतो. उंदराच्या औषधाचं पाकीट मात्र कचऱ्यातून शोधून बरोबर न्या. काळी पूड, लसणीसारखा वास असेल तर झिंक फॉस्फाइड: पोटात विषारी वायू होतो, म्हणून काही खायला घालू नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा. रंगीत वड्या असतील तर बहुतेक रक्त पातळ करणारं विष. त्यात कुत्रं तीन-चार दिवस ठीक दिसतं, मग आतून रक्तस्राव होतो, आणि के१ जीवनसत्त्व काही आठवडे द्यावं लागतं. आंबा बागेच्या फवारणीत लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो, जनावराचं अंदाजे वजन आणि किती वाजता घडलं एवढं डॉक्टरांना फोनवरच सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपीन, काढून ठेवता येतो.