पंकचं देणं कानांनी शोधा

ब्रिटिश पंकचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या खडबडीत, वेगवान रॉकचा विषय निघाला की गाडी सेफ्टी पिना, फाटके टी-शर्ट आणि राणीला घातलेल्या शिव्या यांच्यावरच अडकते. ‘पंकने पुढच्या बँडना बंडखोरी दिली, संगीत म्हणाल तर त्यात काही नव्हतं,’ हे मी चांगल्या जाणकारांकडून ऐकलंय. मला ते साफ नामंजूर आहे. त्या पोरांनी वाजवायच्या पद्धती दिल्या आणि त्या आजही ऐकू येतात.

४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजला. मूठभर श्रोत्यांत पुढे जॉय डिव्हिजन या बँडचा बेसवादक झालेला पीटर हुक होता आणि त्याने लगोलग बेस गिटार विकत घेतली. इथवर सगळेच सांगतात. पण हुकचा अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) इतका सुमार होता, की बँडमधल्याच बर्नार्ड समनरच्या गिटारपुढे त्याला स्वतःचे खालचे सूर ऐकूच येईनात. म्हणून तो वरच्या सुरांवर सरकला, आणि जॉय डिव्हिजनच्या गाण्यांत चाल बेसकडे आली. त्यांचा १९७९ चा अल्बम ‘अननोन प्लेझर्स’ लावा आणि नुसता बेस गुणगुणून बघा. गिटारवर पोसलेल्या रॉकमध्ये ही मोठी उलथापालथ होती.

माझा सगळ्यात लाडका दाखला वायर या बँडचा. त्यांच्या १९७७ च्या ‘पिंक फ्लॅग’ अल्बममध्ये साधारण ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. शब्द संपले की गाणं संपतं. सोलो नाही, ध्रुवपद उगाच घोळवणं नाही. एक गाणं तर अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतं, आणि तरी अर्धवट वाटत नाही. ही काटछाट करायला नेमका कान लागतो. ‘यांना वाजवता येत नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा करून बघावी. पुढे वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटने यातलं एक गाणं वाजवलं, आर.ई.एम.ने १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’मध्ये दुसरं घेतलं. एक बँड हार्डकोरवाला, म्हणजे पंकचीच आणखी वेगवान, कडक तऱ्हा वाजवणारा, दुसरा सुरेल गिटारवाला. दोघांना एकाच रेकॉर्डमधून आपापलं काही सापडलं.

लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडचा अँडी गिल गिटार तुटक, कोरडी, जवळजवळ तालवाद्यासारखी वाजवायचा. रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन बँडने आपल्या १९८४ च्या पहिल्या अल्बमला निर्माता म्हणून त्यालाच बोलावलं. आपल्याकडचे मेटलवाले पंकला नाकं मुरडतात, त्यांनी मेटालिकाचा १९९८ चा ‘गॅरेज इन्क.’ काढावा. त्यात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या पंक बँडची दोन गाणी आहेत. डिस्चार्जचा तो धावता ड्रम पॅटर्न इतक्यांनी उचलला, की त्याला डी-बीट हे नावच पडलं.

आणि रेनकोट्स! बायकांचा हा लंडनचा बँड पंकच्या गप्पांत कुणी काढतच नाही, याचा मला खरंच राग येतो. त्यांच्या १९७९ च्या पहिल्या अल्बममध्ये व्हायोलिन गिटारशी अक्षरशः भांडतं, ताल मध्येच वळण घेतो, आवाज एकमेकींवर चढतात. निर्वाणा या अमेरिकन बँडच्या कर्ट कोबेनचा या रेकॉर्डवर एवढा जीव होता, की नव्वदच्या दशकात ती पुन्हा निघाली तेव्हा त्याने तिच्यासाठी स्वतः टिपण लिहिलं. निर्वाणाची पारायणं करणाऱ्यांनी ही एक रेकॉर्ड तरी शेवटपर्यंत ऐका. मग कमेंटमध्ये भांडू.