साडेब्याण्णव टक्के अंडं आणि आप्पांचा मेसेज

मागच्या शनिवारी रात्री साडेआठच्या सुमाराला वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. ती साताऱ्याहून सांगलीला एकटीच गाडी घेऊन निघाली होती, मागच्या सीटवर पोरगं झोपलेलं. आवाज असा कापत होता की आधी वाटलं, अपघात झाला. झाला नव्हता, होता होता राहिला.

अतीत सोडल्यावर मागून एक पांढरी बोलेरो आली. पाटी नाही, दिवा नाही. डिपर मारायला लागली, मग शेजारी येऊन आतल्या माणसानं खिडकीतून हात काढला आणि 'थांबा, थांबा' अशी खूण केली. वहिनीला आठवला तो घरच्या ग्रुपवर आप्पांनी टाकलेला मेसेज. तिनं ॲक्सिलरेटर दाबला तो उंब्रजच्या पेट्रोल पंपावरच सोडला. गाडी एका बाजूला ओढतेय हे कळत होतं, पण सहापदरीच्या कामानं रस्ता ठिकठिकाणी वळवलाय, खडबडीत आहे, म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. पंपावर उतरून बघते तर मागचा डावा टायर चिंध्या झालेला, रिम वाकलेली. पाच मिनिटांत बोलेरोही तिथंच आली. दूध संकलनाचे दोघं होते. त्यातला एक म्हणाला, "ताई, हवा उतरलीय म्हणून हात करत होतो, तुम्ही तर विमानच काढलं!"

ऊस वाहतुकीचे दिवस आहेत. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्या रस्त्यावर अंधारात मुंगीच्या चालीनं जात असतात. त्यांच्यामधून ती बसलेल्या टायरवर नव्वदनं आली. तेव्हा आप्पा, आता जरा स्पष्टच लिहिते. तुम्ही मोठे आहात, राग मानू नका. आणि मानलात तरी वाचा.

ज्यांच्याकडं आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा. पोलिसांच्या नावानं 'जनहितार्थ' आहे. साध्या गाडीला तुम्हाला थांबवायचा कायद्यानं अधिकारच नाही, म्हणून थांबू नका, वेग वाढवा. ११२ फिरवा, नेटवर्क नसलं तरी लागतो आणि मागची गाडी खरी की खोटी ते लगेच सांगतात. कराडची एक मुलगी अशीच वाचली. निळा दिवा नसेल तर तो पोलीस नव्हेच. काचेवर कुणी अंडी मारली तर पाणी मारू नका, वायपर लावू नका, त्याचं दूध होऊन ९२.५ टक्के दिसायचं बंद होतं. एटीएमवर कुणी धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलीस येतात. पाच ग्रुपवर पाठवा.

अंड्यापासून सुरू करते, कारण त्याच्याइतकी मजा बाकी कशात नाही.

९२.५ टक्के. ब्याण्णव नाही, त्र्याण्णव नाही, साडेब्याण्णव! हे मोजलं कुणी, कुठल्या काचेवर, कोंबडीच्या अंड्यानं की बदकाच्या? आमच्या जिल्ह्यात विट्याकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना विचारलंत तर ते सांगतील, साडेब्याण्णव हा चांदीचा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा. तो आकडा सराफकट्ट्यावरून उठून गाडीच्या काचेवर कसा आला, देव जाणे. तरी म्हटलं, उगाच बोलायला नको. रविवारी सकाळी दादाच्या गाडीच्या काचेवर दोन अंडी फोडली. आई गॅलरीतून बघत होती. तिचं म्हणणं इथं लिहीत नाही. पाण्याचा फवारा मारला, वायपर लावला. दूध झालं नाही. थोडा फेस झाला, चिकट पट्टे उठले, चार-पाच फेऱ्यांत समोरचं फाटक, फाटकावरची पाटी आणि ओरडणारी आई हे सगळं दिसायला लागलं. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेनं गोठतो, गार पाण्यानं नाही. हे आम्लेट करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आता खरं तेवढं कबूल करते: रात्री समोरून हेडलाइटचा झोत आला तर ते पट्टे चमकतील आणि काही क्षण त्रास होईल. पण मेसेज काय सांगतो ते बघा. काच पुसू नका आणि थांबूही नका. म्हणजे काचेवर अंडं तसंच ठेवून, न दिसणाऱ्या रस्त्यावर वेगानं जा! यापेक्षा चोर परवडला.

आता ज्यानं वहिनीचा जीव टांगणीला लावला तो मुद्दा: साध्या गाडीला अधिकार नाही, म्हणून पळा.

यात अर्ध खरं आहे आणि तेच घातक आहे. शेजारच्या वकीलकाकांकडून मोटार वाहन कायदा, १९८८ चं पुस्तक आणलं. कलम १३० म्हणतं, सार्वजनिक ठिकाणी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं मागितलं की चालकानं लायसन दाखवायचं. 'गणवेशातल्या' हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे बनियन-जीन्समधला कुणी गाडीतून उतरून "लायसन काढा" म्हणाला, तर "साहेब, गणवेशातल्या कुणाला तरी बोलवा" एवढं म्हणायला तुम्हाला कायद्याचा आधार आहे. मेसेजवाल्याला हे आयतं मिळालं असतं, पण त्यानं वाचलंच नसणार.

पण त्या कलमात गाडीचा रंग, पाटी, दिवा यांबद्दल काही नाही. अट माणसाच्या कपड्याला आहे, गाडीला नाही. साध्या गाडीतून गणवेशातला फौजदार उतरू शकतो. शिवाय कलम १३० लायसन आणि गाडीची कागदपत्रं दाखवण्यापुरतं आहे. गुन्ह्याचा तपास ही वेगळी गोष्ट. प्रत्येक जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, जिला सगळे एलसीबी म्हणतात, साध्या कपड्यांत आणि साध्या गाडीतच फिरते. पाटी लावून फिरली तर सापडेल कोण? राज्य उत्पादन शुल्कवाल्यांचं भरारी पथकही असंच येतं. आता यांच्यापैकी कुणी हात केला आणि तुम्ही शंभरनं सुटलात, तर त्यांना दिसते ती पळणारी गाडी. आत घाबरलेली बाई आणि झोपलेलं पोरगं आहे हे त्यांना कुठून कळणार? ते पुढच्या नाक्याला कळवणार, मग तुम्हाला अडवायला बॅरिकेड लागणार. आणि मागचा चोरच असेल तरी पळण्यानं काय साधतं? तो त्याच धंद्यातला, तुमच्यापेक्षा गाडी बरी चालवतो.

म्हणून काय, अंधारात कुणीही हात केला की थांबायचं? मुळीच नाही. मेसेज दोनच वाटा दाखवतो, थांबा किंवा पळा. वहिनीला त्या रात्री तिसरी वाट कुणी सांगितली नव्हती, ती अशी. वेग कमी करा, चाळीस-पन्नासवर या. डाव्या लेनला या आणि पार्किंगचे चारही दिवे लावा. मागच्याला कळू द्या की तुम्ही खूण पाहिलीय, पळत नाही आहात. हात बाहेर काढून पुढं बोट दाखवा. आणि तसंच चालत राहा, ते उजेड आणि माणसं असलेल्या जागेपर्यंत: पेट्रोल पंप, टोलनाका, गर्दीचा ढाबा, पोलीस ठाणं. खरा पोलीस असेल तर त्याला दोन-चार किलोमीटर मागं यायला काही होत नाही. चोर असेल तर त्याला टोलनाक्याचे कॅमेरे नको असतात. आणि दूधवाला असेल तर तो तिथं येऊन तुमचा टायर दाखवेल.

थांबल्यावर इंजिन चालू, दारं लॉक, काच चार बोटं खाली. ओळखपत्र काचेला लावून दाखवायला सांगा; नाव, हुद्दा, ठाणं वाचा. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवाहनवर असली तरी चालतात, मोबाईल हातातून न सोडता स्क्रीन दाखवा. दंडाची पावती न देता रोख मागणाऱ्याला, किंवा "आमच्या गाडीत बसा" म्हणणाऱ्याला, तिथंच चार माणसांसमोर नाही म्हणा. बायकांसाठी आणखी एक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादाची परिस्थिती असली तरी महिला पोलीस अधिकारीच लागते, आणि तिलाही लेखी अहवाल देऊन आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. "ठाण्यात चला, अटक आहे" असं रात्री नऊ वाजता महामार्गावर म्हणणारे दोन पुरुष खरे असोत वा खोटे, त्यांच्या गाडीत बसायचं नाही.

११२ चं पुढे. हा नंबर खरा आहे, चांगला आहे, फिरवाच. पण तो जादूचा नाही. फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो, तिथून माहिती आपल्या जिल्ह्याकडं आणि मग जवळच्या पोलीस गाडीकडं जाते. "मागची बोलेरो तुमची का?" याला लगेच हो-नाही मिळेल या भरवशावर राहू नका, साध्या वेशातलं पथक कुठल्या गाडीत आहे हे फोन उचलणाऱ्याला त्या क्षणी माहीत असेलच असं नाही. त्याला विचारण्यापेक्षा सांगा: मी कुठं आहे, कुठल्या दिशेनं चाललेय, मागच्या गाडीचा नंबर, मी अमुक पंपावर थांबणार आहे. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि 'कोल्हापूरकडं' की 'पुण्याकडं' एवढं सांगितलं तरी खूप झालं. आणि 'नेटवर्क नसलं तरी' हेही अर्धंच. तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. टॉवरच नसेल, तर ११२ काय आणि ११३ काय. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये पॅनिक बटण सक्तीचं केलंय. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं की ते चालतं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. फोनप्रमाणं फरक असतो, म्हणून घरी बसून सेटिंग बघून ठेवा. अतीतच्या पुढं अंधारात शोधायची ती गोष्ट नव्हे.

कराडची मुलगी मात्र कराडची नाही. हीच गोष्ट इंग्रजी ईमेलमध्ये लॉरेन नावाच्या मुलीची म्हणून बरीच वर्षं फिरतेय. अमेरिकेत होती तेव्हा तिनं #७७ फिरवला होता, दुसरीकडं गेली तेव्हा ११२. आता कृष्णाकाठी आलीय, एवढंच.

निळा दिवा? दुकानात मिळतो. 'पोलीस' लिहिलेली काचेमागची पाटी तर नात्यात एक हवालदार असला की चार गाड्यांवर दिसते. दिवा असला म्हणून पोलीस नव्हे, नसला म्हणून चोर नव्हे. उलट्या पिनबद्दल इतकंच, ज्याचा पिन १२२१ आहे त्यानं काय करायचं?

आणि आप्पा, खरी चीड मला कशाची आली सांगू? आपल्याकडचे तोतया पोलीस बोलेरोतून रात्री येत नाहीत. ते सकाळी नऊ वाजता मोटारसायकलवर येतात. नीट केस कापलेले, पायात तांबडे बूट. "आजोबा, पुढं चेकिंग चाललंय, कालच इथं चोरी झालीय, चेन आणि अंगठी काढून रुमालात बांधा, आम्ही पोलीस आहोत." स्वतःच गाठ मारून देतात. घरी येऊन सोडावी तर आत खडे. सातारा काय, सांगली काय, ज्या गावात विचाराल तिथं कुणाची तरी आजी यात फसलेली असते. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण चेन काही त्यानं परत येत नाही. कुठलाही खरा पोलीस रस्त्यात उभं करून तुमचे दागिने काढून बांधून देत नाही. तुम्ही रोज आमराईत फिरायला जाता ते गळ्यात दोन तोळ्यांची चेन घालून. त्याबद्दल तुमच्या मेसेजमध्ये एक अक्षर नव्हतं. अंड्यावर चार ओळी होत्या.

वहिनीनं नवीन रिम टाकली. गाडीच्या कप्प्यात एक कागद ठेवलाय, त्यावर रस्त्यात लागणाऱ्या, रात्रीही माणूस भेटेल अशा जागा क्रमानं लिहिल्यात: बोरगाव पोलीस ठाणं, उंब्रज, तासवडे टोलनाका, कराड, कासेगाव, आष्टा. पुण्याहून येताना भुईंज, असं खाली वेगळं. काल आप्पा घरी आले होते. चष्मा लावून त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं नाही, पेन मागितलं आणि कासेगावच्या खाली लिहिलं: 'पेठ नाका. चहाची गाडी रात्रभर असते.'