गढूळ बिअर, केळ्याचा वास आणि तुमची शेवटची ओळ

नमस्कार, आमच्या ब्रुअरीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री टँक धुवून झाल्यावर वाचला आणि खरं सांगते, डोकंच फिरलं. दोन स्टार, वर "गढूळ बिअर, केळ्याचं इसेन्स मारलंय, स्टाउट धड थंड नाही, टूरच्या नावाखाली काचेतून टाक्या दाखवल्या". तिथल्या तिथे तावातावाने उत्तर टाइप करायला घेतलं होतं. बरं झालं पाठवलं नाही, कारण तुमची शेवटची ओळ मी तेव्हा नीट वाचलीच नव्हती. तिच्याकडे येते, आधी बाकीचं.

आमची व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची, गढूळच असते हो. आम्ही ती फिल्टर करत नाही, यीस्ट आणि गव्हाचं प्रोटीन तसंच राहतं त्यात, म्हणून ग्लासच्या पलीकडचं दिसत नाही. आणि इसेन्सचा एक थेंबही नाही, पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट, बस. केळ्याचा वास यीस्ट स्वतः तयार करतं, आयसोअमाइल अॅसिटेट म्हणतात त्याला, पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. जरा लवंगेसारखं लागलं असेल तर तेही त्याच यीस्टचं काम. आता हा प्रकार न आवडणं हा तुमचा हक्क आहे, माझ्या नवऱ्यालाही आवडत नाही, पण तुम्ही वापरलेला फसवणूक हा शब्द मला लागला.

स्टाउट, म्हणजे आमची काळी बिअर, मुद्दाम 10-12 डिग्रीला देतो. बर्फासारखी गार केली की भाजलेल्या बार्लीचा तो कॉफी-चॉकलेटसारखा वास दबतो आणि नुसता कडवटपणा जिभेवर उरतो. तुम्ही लिहिलंय तशी त्यात कॉफी घातलेली नाही, एक दाणाही नाही.

फोटोत तुमच्या सॅम्पलरच्या (चवीपुरत्या छोट्या ग्लासांच्या) ट्रेमध्ये आयपीएचा, म्हणजे भरपूर हॉप्सवाल्या कडवट बिअरचा, ग्लास रिकामा आणि बाकी चार भरलेले दिसतायत, म्हणजे सुरुवात तिथून केलीत. आमच्या आयपीएचा कडवटपणा 60 आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास आहे आणि व्हीटचा 12, तर त्या क्रमाने प्यायल्यावर व्हीट पाण्यासारखी लागली यात नवल नाही. हलक्यापासून सुरू करून आयपीए आणि स्टाउट शेवटी, असं सर्व्ह करणाऱ्या आमच्या मुलाने ट्रे ठेवतानाच सांगायला हवं होतं, ते त्याने तुम्ही अर्धं संपवल्यावर आणि तेही शिकवल्यासारखं सांगितलं. त्याबद्दल सॉरी, त्याच्याशी बोलले आहे. टूरचं म्हणाल तर त्या दिवशी आत कॉस्टिकने (कातडी भाजणारं रसायन) टाक्या धुणं चालू होतं, पाहुण्यांना आत सोडणं शक्यच नव्हतं, पण ते बुकिंग घेतानाच कळवायला हवं होतं हे मान्य.

आता ती ओळ. "आणि पिल्सनरला का कोण जाणे बटर पॉपकॉर्नसारखा वास येत होता." सगळा राग काढून झाल्यावर जाता जाता लिहिल्यासारखी, आणि मी पण वाचून पुढे गेले. मग रात्री झोप लागेना. पहाटे येऊन आधी नळाची पिल्सनर घेतली, मग थेट टाकीतून घेतली, कारण पाइप घाण असला तरी बॅक्टेरियामुळे असा वास येऊ शकतो. दोन्हीकडे तोच. मग टाकीतल्या बिअरचे दोन नमुने घेतले, एक गार ठेवला आणि एक झाकून 60 डिग्रीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून पुन्हा गार केला. गरम केलेल्याचं झाकण काढलं आणि थिएटरच्या इंटरव्हलमध्ये उभी आहे असं वाटलं. गार नमुन्यातही होताच, फक्त पुसट.

याला डायअसिटिल म्हणतात. यीस्ट साखर खाताना त्याचा कच्चा माल बिअरमध्ये सोडतं, त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं (गरम केलं की पटकन, म्हणून ती गरम पाण्याची टेस्ट), आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. पिल्सनर ही लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, 10 डिग्रीला फर्मेंट होते, तिथे हे सगळं रमतगमत चालतं, म्हणून शेवटी टाकी 16-17 डिग्रीपर्यंत चढू देऊन दोन-तीन दिवस थांबायचं असतं आणि वर सांगितली ती गरम करायची टेस्ट पास झाल्यावरच गार करायचं. यावेळी लाँग वीकेंड तोंडावर, पिल्सनर संपत आलेली, मी दोन-तीन दिवस न थांबता एकाच दिवसानंतर टाकी गार करायला लावली. टेस्ट केली नाही. रोज चाखत होते तरी कळलं नाही, रोज तेच चाखून नाक सरावतं, आणि टाकी गार असताना वास दबलेला असतो हे मला माहीत असायला हवं होतं, स्टाउटवरून तुम्हाला तेच तर शिकवतेय वर.

इतक्या लोकांनी ती प्यायली, दोघांनी तर तिलाच पाच स्टार दिले, आणि बरोबर वास फक्त तुम्हाला आला. अजून एक, तुमच्याच फोटोत पिल्सनरच्या ग्लासला आतून एका बाजूने बुडबुडे चिकटलेले दिसतायत, म्हणजे ग्लासवर साबण नाहीतर तेलकटपणा राहिलेला. ते तर तुम्ही लिहिलंही नाहीत. ग्लास धुवायची पद्धत आजपासून बदलतोय.

ती टाकी सकाळी नळावरून काढली, उरलेली सगळी ओतून दिली. तुमच्या पिल्सनरचे पैसे परत करायचे आहेत, बिलाचा नंबर मेसेजमध्ये टाका. स्टार बदला असं अजिबात म्हणत नाही. नवीन पिल्सनर तयार व्हायला पाच-सहा आठवडे जातील, नळाला लावायच्या आधी गरम आणि गार असे दोन ग्लास तुमच्यासमोर ठेवायचे आहेत, येणार असाल तर कळवा. व्हीट प्यायचा आग्रह करणार नाही.