ही लाट आत्ताची आहे की मघाचीच?

आज ११ मार्च. सकाळी फेसबुक उघडताच एका वृत्तवाहिनीच्या पानावरचा व्हिडिओ समोर आला. २०११च्या जपानमधल्या त्सुनामीचा. सेंदाई शहराजवळच्या नातोरीच्या सपाट शेतांवरून सरकत येणारे काळे पाणी, त्यावर तरंगणारी जळती घरे, एकामागून एक दिसेनाशा होणाऱ्या हरितगृहांच्या पांढऱ्या रांगा, आणि या सगळ्यावर चढवलेले ढोलांचे, एखाद्या चित्रपटाच्या जाहिरातीला शोभेल असे पार्श्वसंगीत. वर मथळा ‘निसर्गाचे रौद्र रूप’. तारीख नाही, वर्ष नाही, गावाचे नाव नाही. खाली कित्येकांनी घाबरून विचारले आहे की हे कुठे झाले, आजच झाले का, आणि त्यांना एकानेही उत्तर दिलेले नाही. मला इतका संताप आला की हातातली कामे बाजूला ठेवून हे लिहायला बसले आहे.

ज्या दृश्यात माणसे मरत आहेत त्यावर संगीत चढवू नये, हे माझ्या मित्रमंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या चित्रफितीत शेतांमधल्या रस्त्यावर गाड्या दिसतात. पाणी कोणत्या बाजूने येते आहे ते वरून पाहणाऱ्या आपल्याला दिसते, गाडीतल्या माणसाला दिसत नाही. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या हेलिकॉप्टरमधून ते चित्रण थेट दाखवले जात होते, म्हणजे जगभरातले लोक ते पाहत होते त्याच क्षणी त्या गाड्यांमध्ये जिवंत माणसे होती. याचे मनोरंजन करणाऱ्याला मी क्षमा करू शकत नाही.

माझा राग केवळ संगीतावर नाही. २०११ साली तो शुक्रवारचा दिवस आमच्या घराने कसा काढला, ते मला आठवते. माझ्या मावशीचा धाकटा मुलगा तेव्हा संशोधनासाठी सेंदाईला होता. जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे झाली होती, आपल्याकडे सकाळचे सव्वाअकरा. बातमी कळल्यावर मावशी आमच्याकडे आली आणि दूरचित्रवाणीसमोर बसली ती उठलीच नाही. आपल्या वाहिन्यांकडे त्या वेळी दाखवण्यासारखी मोजकीच दृश्ये होती आणि तीच फिरवून फिरवून दाखवली जात होती. प्रत्येक वेळी खालच्या पट्टीवर ‘ताजी बातमी’. नातोरीचे पाणी पुन्हा एकदा शेतात शिरले की मावशी खुर्चीच्या कडेला सरकायची आणि विचारायची, “अगं, ही लाट आत्ताची आहे की मघाचीच?” मला सांगता येत नव्हते. पडद्यावर कुठेही वेळ लिहिलेली नव्हती. तिच्या लेखी सेंदाईवर त्या दिवशी लाटांमागून लाटा येतच राहिल्या, आणि एका लाटेतून मुलगा वाचला असेल असे तिने मनाशी धरले की दुसरी येऊन तो धीर घेऊन जायची.

मोठ्या त्सुनामीत खरोखरच एकामागून एक लाटा येतात आणि पुष्कळदा पहिली लाट सर्वांत मोठी नसते. म्हणूनच ‘आत्ताची की मघाची’ या प्रश्नाला जीवनमरणाचे मोल असते. त्या दिवशी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ओफुनातोला पहिली लाट केवळ २० सेंटिमीटरची नोंदली गेल्याचे जाहीर झाले आणि ते ऐकून किनाऱ्यावरच्या काही लोकांना धोका टळला असे वाटले. भूकंपानंतर अवघ्या तीन मिनिटांत जपानच्या हवामान संस्थेने इशारा दिला होता, पण त्यात सेंदाई ज्यात आहे त्या मियागी प्रांतासाठी ६ मीटर आणि शेजारच्या इवाते व फुकुशिमा प्रांतांसाठी ३ मीटर उंचीचा अंदाज होता. ३ मीटरची लाट आपल्या किनाऱ्यावरच्या संरक्षक भिंती अडवतील, असे वाटून काही जण घरीच थांबले. २ वाजून ४९ मिनिटांचा तो आकडा ३ वाजून १४ मिनिटांनी बदलून मियागीसाठी १० मीटर झाला, तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि सुधारित इशारा ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. जुनी बातमी नवी म्हणून कानात राहिली, की माणूस तिच्या भरवशावर जागच्या जागी थांबतो.

हे मान्य करायला हवे की सुरुवातीच्या तासांत तज्ज्ञांनाही सगळे ठाऊक नसते. भूकंपाची तीव्रता आधी ७.९ सांगितली गेली आणि वाढत वाढत ९.० वर स्थिरावायला १३ मार्च उजाडला. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण जपानच्या हवामान संस्थेने या चुकीतून काय केले ते पाहा. २०१३ पासून तिथे अतिप्रचंड भूकंपानंतरच्या पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा दिलाच जात नाही, लाट महाकाय असेल एवढेच सांगितले जाते, म्हणजे आकड्यावर विसंबून कोणी थांबणार नाही. एनएचकेनेही आपली पद्धत बदलली. पूर्वी निवेदक शांत, सम आवाजात माहिती देत असत. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना ताबडतोब पळायला सांगत होती, २०११ची आठवण करून देत होती, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत पळण्याचीच सूचना होती. आपल्याकडेही निवेदक ओरडतात. ते कोणाला उद्देशून ओरडतात, हे मला अजून उमगलेले नाही.

२०११च्या त्याच दिवशी मियागीतल्या मिनामीसानरिकू गावाच्या आपत्ती निवारण कार्यालयातली एक तरुण कर्मचारी ध्वनिक्षेपकावरून गावकऱ्यांना उंचावर जा, उंचावर जा असे सांगत राहिली आणि पाणी त्या इमारतीवरून गेले. तिची बातमी पाण्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसांसाठी होती. माझ्या लेखी बातमी देणे म्हणजे हेच आणि यापलीकडचे बाकी सगळे दुय्यम.

मियागीतल्याच इशिनोमाकी शहराचे ‘हिबी शिंबुन’ हे छोटे स्थानिक दैनिकही मला वारंवार आठवते. त्सुनामीनंतर त्यांना छपाई करता येईना. तिथल्या पत्रकारांनी छपाईच्या कोऱ्या कागदाचे मोठे तुकडे घेतले, जाड पेनांनी हाताने बातम्या लिहिल्या आणि ते कागद निवाऱ्यांच्या भिंतींवर नेऊन लावले. १२ मार्चपासून सलग सहा दिवस हे चालले. त्यांच्यापाशी ना हेलिकॉप्टर होते ना चित्रफीत. प्रत्येक कागदावर तारीख होती. अफवांवर न जाता अचूक माहितीच्या आधारे वागा, असे ते पहिल्याच अंकापासून लोकांना सांगत होते. ज्यांची स्वतःची घरे पाण्यात होती त्या माणसांना हे सुचले आणि जमले, तर वातानुकूलित खोलीत बसलेल्या संपादकाला पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे टाकणे जड का जावे?

आता थोडी शांत झाले आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. ती चित्रणे जगाने पाहिली म्हणून जगाने मदत पाठवली, आणि पाणी शहरात कसे शिरते हे शास्त्रज्ञांना समजायला त्यांचाच उपयोग झाला. नव्या पिढीने ती पाहायला हवीत, हेही खरे. ती दाखवूच नयेत असे मी म्हणत नाही. जपानमध्ये ती दाखवण्याआधी पुढे त्सुनामीची दृश्ये आहेत अशी सूचना पुष्कळदा दिली जाते, कारण जवळपास १६ हजार मृतांचे आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता माणसांचे नातेवाईक तो पडदा पाहत असू शकतात.

मावशीने त्या रात्री फोनचा नाद सोडला नाही. प्रत्येक वेळी जपानी भाषेतला ध्वनिमुद्रित निरोप ऐकू यायचा आणि ती फोन माझ्या कानाला लावायची, “ती बाई काय म्हणते ते ऐक ना जरा.” मला जपानी येत नाही हे तिला ठाऊक होते. अखेर मुलाची खबर वाहिनीवरून आली नाही, फोनवरूनही आली नाही. हरवलेल्यांच्या शोधासाठी गूगलने उघडलेल्या पानावर त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी तो सुखरूप असल्याचे नोंदवले होते. मी ते वाचून दाखवले, तर मावशीचा पहिला प्रश्न हाच की ही नोंद कधीची आहे. तिथे मात्र तारीख होती, वेळ होती. लाटेच्या नंतरची वेळ. ती पाहिल्यावरच मावशी रडली, तोपर्यंत रडली नव्हती.

माझ्या फेसबुकच्या मित्रयादीत वृत्तवाहिन्यांमध्ये काम करणारे काही जण आहेत आणि त्यांच्यावर किती ताण असतो हे मी जाणते. तरीही त्यांना सांगते की २६ डिसेंबर २००४ विसरू नका. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला, चेन्नईतही हादरे जाणवले, आणि नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर पाणी चढले ते त्यानंतर दोन तासांहून अधिक काळाने. त्या मधल्या वेळात किनाऱ्यावरच्या माणसाला सावध करणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हती. आता आहे, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालते. पुढच्या वेळी हिंदी महासागराखाली धरणी हलली, की आधी त्या केंद्राची सूचना ती निघाल्याच्या वेळेसह पडद्यावर लावा, कोणत्या किनाऱ्याला धोका आहे आणि कोणत्या नाही ते वाचून दाखवा, आणि हाती असलेले दृश्य जुने असेल तर ते कोणत्या वर्षीचे, कोणत्या गावचे, हे त्या दृश्यावरच लिहा.