निकालातली कारणं न्यायाधीशांनीच लिहिली पाहिजेत

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला. खात्याने एका कंपनीचं उत्पन्न २७.९१ कोटी ठरवलं होतं आणि आधाराला न्यायनिवाड्यांचे दाखले दिले होते. ते निवाडे शोधूनही सापडेनात, कारण ते झालेच नव्हते. एआयने काढून दिलेल्या गोष्टींवर आंधळा विश्वास ठेवू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाने सुनावलं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. ही बातमी वाचल्यापासून एकच विचार छळतोय. त्या कंपनीला उच्च न्यायालय गाठता आलं. वाटपाच्या दाव्यात अडकलेल्या माझ्या पक्षकाराने काय करायचं? निकालाची नक्कल हातात पडली की तो विचारतो, "वकीलसाहेब, आपलं का मानलं नाही?" निकालात कारणं असतात म्हणून मला उत्तर देता येतं. तुमचा साक्षीदार उलटतपासणीत टिकला नाही, हे कारण मी दाखवू शकतो. ते पटलं नाही तर अपिलात नेमकं त्यावरच बोट ठेवता येतं. उद्या न्यायाधीशांऐवजी, साक्षीदाराला पिंजऱ्यात पाहिलंच नाही अशा यंत्राने ती कारणं जुळवली, तर अपील कशाविरुद्ध करायचं?

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एरिक लूमिस या आरोपीला शिक्षा देताना 'कॉम्पास' नावाच्या सॉफ्टवेअरने काढलेला, तो पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याचा अंदाज विचारात घेतला गेला. तो कसा काढला हे त्याला कळू शकलं नाही, कारण कंपनीच्या लेखी ते व्यापारी गुपित होतं. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. मला हे भयंकर वाटतं.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ ला शिंदे-ठाकरे खटल्याची सुनावणी एआयच्या मदतीने शब्दबद्ध झाली. निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' हे एआय सॉफ्टवेअर २०१९ पासून आहे. मराठीत निकाल वाचायला मिळणं ही पक्षकाराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, फक्त माणसाने तपासलेला हवा.

पण देशात पाच कोटींवर खटले तुंबलेत म्हणून निकालही एआयकडून लिहून घ्या, हे म्हणणं मला मान्य नाही. आमच्याकडे तारखा का पडतात? समन्स बजावलेलं नसतं, साक्षीदार येत नाही, न्यायाधीशांची जागा रिकामी असते. यातलं काय एआय दुरुस्त करणार?

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं: निष्कर्ष, आदेश, निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही. असा लेखी नियम प्रत्येक राज्यात हवा. आणि आम्हा वकिलांनाही सूट नको. दाखला दिला की निवाड्याची प्रत जोडलीच पाहिजे. आमच्या बार असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. इतर तालुक्यांतल्या वकील मित्रांनी आपापल्या बारमध्ये मांडायचा असेल तर कळवा, मसुदा पाठवतो.