रांजण फुटतो तो ओलीने

मोठे रांजण आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, 'आच जास्त झाल्याने' फुटतात, असं एका लेखात वाचलं; ते कारण पटलं नाही. उघड्या आव्यात शेणी-लाकडावर आच ९०० अंशांच्या वर क्वचितच जाते आणि रांजणाची माती तेवढी सहज सोसते. घात होतो तो सुरुवातीला. अंग वाळलेलं दिसतं, पण बुडाच्या जाड मातीत ओल असते. १०० अंशांपाशी तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की बुडाच्या खपल्या उडतात. म्हणून पहिले पाच-सहा तास नुसती धग हवी. धुराच्या तोंडाशी थंड स्टीलचं ताट क्षणभर धरा. त्यावर दव जमलं तर जाळ वाढवायचा नाही. चाकावर जाड ठेवलेलं बूड आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने ठोकत पातळ करतात, ते निम्मं यासाठीच. मातीत चाळलेली लीद मिसळली तर तिच्या तंतूंमुळे वाफेला वाट मिळते.

खपल्या नसून काठापासून खाली सरळ, धारदार चीर गेली असेल, तर आवा घाईने उघडला असं समजा. निवताना ५७३ अंशांपाशी मातीतली गारगोटी एकदम आकसते. रांजणाची एक बाजू वाऱ्यावर आणि दुसरी राखेत असेल, तर तो ताण त्याला झेपत नाही. राखेत हात घालता येईपर्यंत वरचं आच्छादन हलवू नये.